लाइक आले, गिऱ्हाईक आलं नाही: छोट्या धंद्यानं जाहिरात कशी निवडावी

दुकानाच्या पानावर नव्या चष्म्यांचा एक फोटो टाकला की थोड्या वेळात फोनवर सूचना येते: तुमची ही पोस्ट इतर पोस्टपेक्षा चांगली चालली आहे, थोडे पैसे घालून ती आणखी लोकांपर्यंत पोहोचवा. खाली बटण असतं आणि ते दाबायला अर्धं मिनिटही लागत नाही. आठवड्यानं आकडे समोर येतात. पोस्ट १४ हजार जणांनी बघितली, ६०० लाइक, ४० शेअर. दुकानात मात्र नेहमीचीच माणसं.

मग मालकाला वाटतं, फोटो चुकला. किंवा आपल्या धंद्याला जाहिरात लागूच पडत नाही. खरं तर त्या यंत्रणेनं सांगितलेलं काम चोख केलेलं असतं. पैसे भरताना ‘उद्दिष्ट’ म्हणून जे निवडलं गेलं (बऱ्याचदा ते आपोआपच निवडलेलं असतं) ते होतं लाइक आणि शेअर मिळवणं. तिनं अशी माणसं शोधली जी दिसेल त्या फोटोला सहज लाइक देतात. ज्यांना या महिन्यात चष्मा घ्यायचा आहे अशी माणसं शोध, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

छोट्या धंद्याचा जाहिरातीवरचा पैसा सर्वात जास्त वाया जातो तो इथे. माध्यम आधी ठरतं आणि गिऱ्हाइकाचा विचार नंतर होतो. हा क्रम उलटा करायला हवा, आणि तो कसा करायचा हे समजून घ्यायला मार्केटिंगची पदवी लागत नाही.

तहान लागल्यावर आणि तहान लागण्याआधी

जाहिरात दोन अगदी वेगळी कामं करते. पहिलं काम, तहानलेल्या माणसाला विहीर दाखवणं. दुसरं काम, तहान लागण्याच्या कितीतरी आधी विहीर कुठे आहे हे त्याच्या डोक्यात पक्कं बसवणं. दोन्ही कामं लागतात, पण एकाच साधनानं होत नाहीत. आपल्या धंद्याला यातलं कोणतं जास्त लागतं, हा पहिला प्रश्न.

कुलपं उघडून देणाऱ्या माणसाचा धंदा घ्या. रात्रीचे अकरा वाजलेत, दार ओढलं गेलंय आणि चावी आत राहिलीय. बाहेर उभा असलेला माणूस सहा महिन्यांपूर्वी आलेलं पत्रक आठवत बसत नाही. तो फोन काढतो, ‘चावी बनवणारा’ असं काहीतरी टाइप करतो, वरच्या दोन-तीन नावांतलं जे ‘आत्ता चालू’ दिसतं त्याला फोन लावतो. पहिल्यानं उचलला नाही तर दुसऱ्याला. या सगळ्याला दोन मिनिटं लागतात आणि काम कुणाला मिळणार ते त्या दोन मिनिटांत ठरतं. असल्या धंद्यानं सगळं बळ गूगलसारख्या शोधाच्या पानावर आणि फोनमधल्या नकाशावर लावावं. रील बनवत बसण्यात अर्थ नाही.

चष्म्याच्या दुकानाचं गणित निराळं. समजा माणूस साधारण दोन वर्षांनी चष्मा बदलतो. म्हणजे कोणताही एक महिना घेतला तर २४ जणांतल्या एकालाच त्याची गरज असते. उरलेल्या २३ जणांना आज कितीही सवलत दाखवली तरी ते येणार नाहीत, कारण त्यांच्या नाकावर चांगला चष्मा आहे. पण त्यांची वेळ येणार आहे, आणि त्या दिवशी त्यांना कुणाचं नाव आठवतं यावर तुमचा धंदा उभा आहे. इथे एकदाच जोरात ओरडून भागत नाही. थोडं थोडं, पण सतत दिसावं लागतं.

रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली दाखवून दिलं की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेसमोर आली, तर एवढ्यानंसुद्धा ती माणसाला अधिक आवडायला लागते. पैसा कमी असेल तर यातून निघणारी गोष्ट मला फार मोलाची वाटते: ५ हजार लोकांना एकदा दिसण्यापेक्षा जवळच्या ५०० लोकांना दहा वेळा दिसा. मोठं वर्तुळ मनाला सुखावतं, पण छोट्या वर्तुळात नाव टिकतं.

तिसऱ्या जातीचे धंदे म्हणजे तीच माणसं वरचेवर येतात असे. शिवणकाम, केस कापणं, गाडीची देखभाल. इथे नवं गिऱ्हाईक शोधत फिरणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्याच्या गाडीचं काम वर्षापूर्वी केलंत त्याला ‘पुढची तपासणी आता करायला हवी’ एवढा निरोप पाठवणं ही जाहिरातच आहे, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. अट एकच, असे निरोप चालतील का हे त्याला आधी विचारलेलं असावं.

आणि वस्तूच नवी असेल, लोकांना तिचं नावही ठाऊक नसेल, तर शोधातल्या जाहिरातीवर पैसे घालू नका. जे कुणी टाइपच करत नाही त्यावर जाहिरात दिसणार कुठून? ती वस्तू चालताना दाखवावी लागते, व्हिडिओत किंवा प्रत्यक्ष.

एक गिऱ्हाईक कितीला पडतं?

आता थोडा हिशेब, आणि तो टाळून चालणार नाही. दोनच संज्ञा पुरतात. जाहिरातीचा खर्च भागिले त्यातून आलेली नवी गिऱ्हाइकं, हा झाला ‘मिळवण्याचा खर्च’. आणि एक गिऱ्हाईक तुमच्याकडे येत राहील तेवढ्या काळात त्याच्याकडून एकूण जो नफा हाती लागेल, ते ‘गिऱ्हाइकाचं मोल’. मोल खर्चापेक्षा जास्त असेल तर जाहिरात परवडते.

चूक कुठे होते? लोक मोल मोजताना बिलाचा आकडा धरतात. बिल १०० चं असलं आणि त्यातले ६० काच आणि फ्रेमवर गेले, तर हाती राहतात ४०. जाहिरातीचे पैसे या ४० मधूनच जाणार आहेत, १०० मधून नाही.

समजा १००० खर्च केले आणि २० नवी माणसं आली. एक गिऱ्हाईक ५० ला पडलं. पहिल्या विक्रीत हाती आले ४०, म्हणजे प्रत्येकामागे १० चा तोटा. पण या २० मधली निम्मी माणसं दोन वर्षांनी परत आली, तर सरासरी मोल होतं ६०. मग जाहिरात फायद्याची ठरते. फक्त तो फायदा दोन वर्षांनी मिळतो आणि जाहिरातीचं बिल आज भरावं लागतं. जाहिरात चांगली असूनही दुकान पैशाच्या तंगीत सापडतं ते या मधल्या काळात. म्हणून अंथरूण पाहून पाय पसरावेत हे इथे अक्षरशः खरं आहे. परत येणारं गिऱ्हाईक असलेला धंदा पहिल्या विक्रीवर थोडा तोटा सोसू शकतो. ज्याच्याकडे माणूस आयुष्यात एकदाच येतो त्याला ती सोय नाही, त्याची जाहिरात पहिल्याच कामात वसूल व्हायला हवी.

ते गिऱ्हाईक तसंही आलं असतं का?

वरच्या हिशेबात एक भोक आहे. ती २० माणसं जाहिरातीमुळेच आली असं आपण धरून चाललो. त्यातली ८ जण जाहिरात नसती तरी आलीच असती, तर खरी नवी फक्त १२. मग एक गिऱ्हाईक पडलं ८३ ला, आणि त्याचं मोल ६० आहे. फायद्याची वाटणारी जाहिरात तोट्याची निघाली, आणि कुठल्याही अहवालात हे दिसलं नसतं.

हे नुसतं कागदी गणित नाही. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीनं २०१२ साली स्वतःच्याच जाहिरातींची परीक्षा घेतली. लोक शोधात ‘ईबे’ हे नाव टाइप करत तेव्हा वर कंपनीची विकत घेतलेली जाहिरात दिसे आणि खाली फुकटचा दुवा. काही शोधयंत्रांवर कंपनीनं ही जाहिरात बंद केली. जाहिरातीतून येणाऱ्यांपैकी सुमारे ९९.५ टक्के लोक खालच्या फुकट दुव्यावरून येऊ लागले. ज्यांना ईबेवर जायचंच होतं त्यांना वाट दाखवायला कंपनी पैसे मोजत होती. पुढे इतर शब्दांवरच्या जाहिराती काही भागांत बंद करून पाहिल्या, तेव्हाही एकूण विक्रीत नगण्य फरक पडला. मात्र जे नवे होते किंवा क्वचित खरेदी करत, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम होत होता. थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

ईबेचं नाव घरोघरी पोहोचलेलं होतं, तुमचं तसं नसेल. त्यामुळे ‘जाहिरात निरुपयोगी’ असा अर्थ यातून काढू नका. जाहिरात ओळख नसलेल्या माणसावर चालते, ओळख असलेल्यावर बहुधा वाया जाते, एवढं मात्र घ्या. तुमच्याच दुकानाच्या नावावर तुम्ही जाहिरात देत असाल तर आधी ती बंद करून बघा. तुमच्या नावावर प्रतिस्पर्ध्यानं जाहिरात लावली असेल तर गोष्ट वेगळी.

मोजायचं कसं?

शंभर वर्षांपूर्वी टपालानं माल विकणारे वृत्तपत्रातल्या जाहिरातीत पत्त्याखाली विभागाचा एक क्रमांक छापत. प्रत्येक वृत्तपत्रासाठी क्रमांक वेगळा. पाकिटावर कोणता क्रमांक आला त्यावरून कळायचं की कुठली जाहिरात चालली. आजही याहून चांगली युक्ती छोट्या दुकानाला मिळणार नाही. पत्रकावर एक सवलतीचा शब्द, नकाशावरच्या नोंदीत दुसरा फोन नंबर, व्हिडिओत तिसराच शब्द.

आणि गल्ल्याजवळ एक वही. चार रकाने पुरतात: तारीख, नवं की जुनं, कसं कळलं, बिल. ‘कसं कळलं’ याचं उत्तर मात्र जपून घ्यावं लागतं. माणूस शेवटची पायरी सांगतो. तो म्हणतो ‘गूगलवर बघितलं’, पण गूगलवर तुमचं नाव टाइप करायला त्याला त्याच्या बहिणीनं सांगितलेलं असतं. म्हणून आणखी एक प्रश्न विचारा: ‘आमचं नाव पहिल्यांदा कुठे ऐकलंत?’ महिनाभर हे दोन्ही प्रश्न विचारून बघा. पैसे एकीकडे जातायत आणि गिऱ्हाईक भलतीकडून येतंय, असं अनेकांच्या लक्षात येईल.

आकडे वाचताना घाई करू नका. आठवड्याला सरासरी २० नवी माणसं येत असतील तर काहीही न करता कधी १५ येतील, कधी २५. जाहिरातीच्या आठवड्यात २४ आली म्हणून लगेच आनंद नको आणि १७ आली म्हणून निराशाही नको. मोठ्या कंपन्याही इथे अडखळतात. रँडल लुइस आणि जस्टिन राव यांनी जाहिरातींचे २५ मोठे प्रयोग तपासले आणि २०१५ साली मांडलं की इतक्या मोठ्या प्रमाणावरसुद्धा जाहिरात फायद्यात गेली की तोट्यात हे खात्रीनं सांगणं अतिशय अवघड असतं. विक्री जाहिरातीशिवायही इतकी खालीवर होत असते की जाहिरातीचा परिणाम त्यात बुडून जातो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला निदान सहा-आठ आठवडे द्या.

‘पण शोधातली जाहिरात मोठ्या कंपन्यांनाच परवडते’

शोधातल्या जाहिरातीची जागा लिलावात विकली जाते. कुणी काही टाइप केलं की क्षणार्धात बोली लागते, आणि पैसे साधारणपणे तेव्हाच जातात जेव्हा कुणी जाहिरातीवर क्लिक करतं. गूगलनं ही सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुमारे ३५० जाहिरातदारांसह सुरू केली. आज ती अवाढव्य आहे, पण एक गोष्ट छोट्याच्या बाजूची आहे: जागा फक्त सर्वात मोठ्या बोलीवर मिळत नाही. जाहिरात शोधलेल्या शब्दांशी किती जुळते, लोक तिच्यावर क्लिक करतील का, क्लिकनंतर उघडणारं पान कामाचं आहे का, हेही धरलं जातं. त्यामुळे नेमकं बोलणारा छोटा दुकानदार कमी बोलीतही वर येऊ शकतो.

छोटे लोक इथे हरतात ते ढगळपणामुळे. गिटार शिकवणाऱ्यानं ‘गिटार’ या एका शब्दावर जाहिरात लावली तर क्लिक कोण करतं? गिटार विकत घेणारा, गिटारचं चित्र शोधणारा, फुकट धडे शोधणारा. तिघांच्याही क्लिकचे पैसे शिक्षकाच्या खिशातून जातात. त्यानं ‘नवशिक्यांसाठी गिटार वर्ग’ असा लांब शब्दप्रयोग घ्यावा, जाहिरात आपल्या परिसरापुरती ठेवावी, आणि ‘मोफत’, ‘डाउनलोड’, ‘किंमत’ हे शब्द वगळण्याच्या यादीत टाकावेत. अशी यादी करायची सोय असते. कोणते शब्द टाइप करून लोक तुमच्या जाहिरातीवर आले, हेही खात्यात दिसतं. आठवड्यातून एकदा ते पान उघडून दहा मिनिटं वाचा. माझ्या मते संपूर्ण खात्यात याहून जास्त पैसे वाचवणारं दुसरं पान नाही.

‘आता तर सगळं एआय करतं, मग मी कशाला डोकं चालवू?’

जाहिरात कुणाला दाखवायची, किती बोली लावायची, मजकूर कसा असावा, हे सगळं यंत्रणा आपोआप ठरवू लागल्या आहेत हे खरं. पण त्या शिकतात उदाहरणांवरून. फेसबुकच्या जाहिरातींत यंत्रणेला नीट शिकायला एका आठवड्यात साधारण ५० इच्छित कृती (खरेदी, भरलेला फॉर्म अशा) हाताशी लागतात. मोजकीच गिऱ्हाइकं मिळवणाऱ्या धंद्यानं तुटपुंजा पैसा पाच जाहिरातींत वाटला तर एकही जाहिरात शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर पडत नाही. पैसा कमी असेल तर जाहिरात एकच ठेवा.

दुसरं म्हणजे, यश कशाला म्हणायचं हे तुम्हीच सांगायचं असतं. ‘फॉर्म भरला’ हे यश म्हणून नोंदवलंत तर यंत्रणा भरपूर फॉर्म आणून देईल, भरणाऱ्यांना काही घ्यायचं असो वा नसो. सुरुवातीच्या त्या लाइकचीच ही पुढची आवृत्ती.

शिवाय यंत्रणेनं दिलेले आकडे हे आता पुष्कळदा अंदाज असतात. एप्रिल २०२१ पासून आयफोनवर अ‍ॅपला वापरणाऱ्याचा इतरत्र माग काढण्याआधी परवानगी विचारावी लागते. अनेक जण ती नाकारतात, आणि मग राहिलेली जागा अंदाजानं भरली जाते. म्हणून गल्ल्याजवळची वही सोडू नका.

‘माझ्याकडे जाहिरातीला पैसेच नाहीत’

मग नकाशावरची नोंद आधी पूर्ण करा. ती फुकट असते आणि अनेकांची अर्धवट असते. वेळा चुकीच्या, फोटो दोन वर्षांपूर्वीचे, फोन बदललेला. दार बंद बघून परत गेलेला माणूस पुन्हा येत नाही.

त्यानंतर अभिप्राय. मायकल लुका यांनी हार्वर्डमध्ये असताना सिअ‍ॅटलमधल्या उपाहारगृहांचा अभ्यास केला, तेव्हा येल्प या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं असं दिसलं. विशेष म्हणजे हा परिणाम स्वतंत्र, एकट्या मालकांच्या उपाहारगृहांवर होता, साखळी उपाहारगृहांवर नव्हता. साखळीचं नाव लोकांना आधीच ठाऊक असतं. अनोळखी दुकानासाठी दुसऱ्यांचा अनुभव हाच भरवसा. काम झाल्यावर, गिऱ्हाईक खूश असताना, अभिप्राय मागायला संकोच करू नका. मात्र खोटे अभिप्राय विकत घेऊ नका. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून तसं करण्यावर दंडाची तरतूद आहे, आणि दंड नसता तरी मी नकोच म्हटलं असतं, कारण तुमच्यावर विश्वास ठेवून येणाऱ्या माणसाची ती फसवणूक आहे.

पाटी आणि पत्रक कालबाह्य झालेत असं मला वाटत नाही. पाटीवर नाव मोठं आणि काम बारीक लिहिलेलं असतं, ते उलट करा. रस्त्यानं जाणाऱ्याला तुम्ही कोण यापेक्षा तुम्ही काय करता हे तीन सेकंदांत कळायला हवं. पत्रकं सगळीकडे वाटण्यापेक्षा जिथे आत्ता काम चालू आहे त्याच्या आजूबाजूच्या घरांत द्या. ‘शेजारच्या घराचं छत आम्ही दुरुस्त करतो आहोत’ हे वाक्य वाचणारा माणूस खिडकीतून ते काम बघू शकतो.

‘हे सगळं एजन्सीकडे सोपवलं तर?’

जरूर सोपवा, पण जाहिरातीचं खातं तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर उघडा. एजन्सीला त्यात काम करण्याची परवानगी द्या. खातं त्यांच्या नावावर असेल तर वेगळं होताना वर्षभराची माहिती, कोणता शब्द चालला आणि कोणता नाही, सगळी तिकडेच राहते. अहवालात ‘इतक्या लाख लोकांना दिसली’ हे शेवटी येऊ द्या. पहिली ओळ असावी: नवी गिऱ्हाइकं किती आणि एक कितीला पडलं.

जाहिरात चालली म्हणून खर्च दुप्पट करण्याआधीही थांबा. पहिली २० गिऱ्हाइकं ५० ला पडली म्हणून पुढची २० तेवढ्यातच मिळत नाहीत. सहज येणारे आधी येऊन गेलेले असतात. १००० वरून १५०० वर गेलात आणि गिऱ्हाइकं २० वरून २५ झाली, तर ती शेवटची पाच प्रत्येकी १०० ला पडली. सरासरी मात्र ६० दिसते, आणि सगळं ठीक चाललंय असं वाटतं.

त्याच वेळी फोनची गेल्या महिन्याची यादीही बघा. जाहिरातीतून आलेला फोन कामाच्या गडबडीत उचलला गेला नाही, तर त्या क्लिकचे पैसे तुम्ही भरले आणि गिऱ्हाईक यादीतल्या पुढच्या माणसाकडे गेलं. न उचललेल्या कॉलच्या वेळा कागदावर मांडा. शोधातली जाहिरात ठरावीक तासांपुरती बंद ठेवता येते. ज्या तासांत फोन घ्यायला कुणी नसतं, त्या तासांत ती बंद ठेवा.